शोभायात्रेत लाठीकाठी, दांडपट्टा, तलवारी : १५३-एए लागतं का? परवानगीत नेमकं काय मागायचं?

लाठीकाठी_महाल

शिवजयंतीच्या मिरवणुकीत आखाड्याची प्रात्यक्षिकं ठेवायची आहेत. मार्ग महालातला, शेवट गांधी गेटजवळ पुतळ्यापाशी. सामान असं : पाच फुटी बांबूच्या लाठ्या २५, दांडपट्टे ६, बिनधारेच्या तलवारी ८, घोड्यावरच्या मुलाच्या हातात एक तलवार. आधीचे पंधरा दिवस मैदानावर रोज संध्याकाळी सराव. एका सभासदाकडे परवान्याची बारा बोअर बंदूक आहे, तो पुतळ्याला सलामी म्हणून हवेत बार काढतो म्हणतो.

व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरून राहिला : "मिरवणुकीत शस्त्र घेतलं की भादंवि १५३-एए, सहा महिने कैद, आणि कलेक्टर १४४-ए खाली सामूहिक कवायतीवर बंदी घालू शकतो." हे खरं आहे का? लाठीसुद्धा शस्त्र धरतात का? बोथट तलवारीचं काय? आणि "मिरवणुकीला परवानगी आहे" एवढं पुरतं का?

---

दिवाणी_फौजदारी

मेसेज लिहिणाऱ्याने जुनं पुस्तक उघडलं आहे, आणि तेही तळटीप न वाचता.

१५३-एए आणि १४४-ए ही जोडी २००५ च्या दुरुस्ती कायद्याने (२००५ चा २५ वा) आली. पहिलं भारतीय दंड संहितेत, दुसरं फौजदारी प्रक्रिया संहितेत. १४४-ए नुसार जिल्हादंडाधिकाऱ्याला मिरवणुकीत शस्त्र नेण्यावर आणि सार्वजनिक जागी शस्त्रांसह सामूहिक कवायत किंवा प्रशिक्षण घेण्यावर तीन महिन्यांपर्यंत बंदी घालता आली असती. राज्य सरकार ती आणखी सहा महिने वाढवू शकलं असतं. बंदी मोडली तर १५३-एए : सहा महिन्यांपर्यंत कैद आणि २,००० रुपयांपर्यंत दंड. शस्त्राची व्याख्याही रुंद होती. तीत बंदुका आणि धारदार हत्यारांबरोबर लाठी, दंडा, काठी हे शब्द नाव घेऊन लिहिले होते.

"आली असती", "शकलं असतं" असं म्हणतो, कारण तो दुरुस्ती कायदा २३ जून २००६ पासून अमलात आणताना केंद्राने काही कलमं बाजूला ठेवली. त्यात १६ वं कलम आणि ४४ व्या कलमाचा पहिला खंड होता, म्हणजे नेमकी हीच दोन. संहितांच्या छापील पुस्तकांत ती दिसतात म्हणून लोक त्यांचे आकडे फेकतात. पुढे १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता आणि नागरिक सुरक्षा संहिता आल्या, त्यांत या दोन्ही कलमांची जागाच नाही. त्या तारखेनंतरच्या घटनेवर कोणी १५३-एए लावतो म्हणाला तर नव्या संहितेतला कलम क्रमांक विचारा.

म्हणून बिनधास्त व्हा असं मात्र नाही. महाराष्ट्रात हे काम त्याच्या कितीतरी आधीपासून दुसरा कायदा करतो : महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१, कलम ३७(१). नागपूर शहरात पोलीस आयुक्त आणि आयुक्तालयाबाहेर जिल्हादंडाधिकारी यांना त्याखाली जाहीर आदेशाने शस्त्रं, सोटे, तलवारी, भाले, दंडुके, बंदुका, सुरे, काठ्या, लाठ्या "किंवा शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू" बाळगायला मनाई करता येते. शेवटचे शब्द दोनदा वाचा. फायबरची तलवार, लोखंडी पाइपवरचा झेंडा, सगळं त्यात बसवता येतं.

आदेश मोडला किंवा मोडायला मदत केली, तर कलम १३५ : एक वर्षापर्यंत कैद, आणि कोर्टाने लेखी कारण दिल्याशिवाय चार महिन्यांपेक्षा कमी नाही, वर दंड. "मदत केली" यात मंडळाचा अध्यक्ष येतो, सामानाचा टेंपो आणणाराही येऊ शकतो. १५३-एए ला भिऊन १३५ कडे दुर्लक्ष करणं उलटं आहे, कारण तिथे किमान शिक्षा नव्हती, इथे आहे.

---

पंचनामा_पाहिजे

वरच्या उत्तरात पुढचं जोडतो, कारण मंडळं इथेच फसतात.

३७(१) चा आदेश सहसा एकटा येत नाही. त्याच कागदावर ३७(३) असतं, म्हणजे जमाव आणि मिरवणुकीवरची बंदी. ३७(३) ची बंदी राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांपलीकडे जात नाही. म्हणून एकत्र आदेश पंधरवड्याचे निघतात आणि सणासुदीला एक संपला की दुसरा लागतो. आता तुमचा अर्ज पहिल्या आदेशाच्या काळात मंजूर झाला आणि मिरवणूक दुसऱ्यात पडली तर? परवानगी पत्रावर जुन्या आदेशाचा जावक क्रमांक, रस्त्यावरच्या फौजदाराच्या हातात नवा आदेश. वाद तिथेच पेटतो. मिरवणुकीच्या दोन दिवस आधी ठाण्यात जाऊन त्या तारखेला चालू असलेला आदेश मागा, त्यातला अपवादांचा परिच्छेद वाचा. तिथे सहसा कर्तव्यावरचे शासकीय कर्मचारी असतात, जमावबंदीतून लग्न आणि अंत्ययात्रा वगळलेल्या असतात. आखाडा आपोआप वगळलेला नसतो.

मिरवणुकीची परवानगी आणि शस्त्रबंदीतून सूट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मार्ग, वेळ, क्रम, वाहतूक हे कलम ३३ चे नियम आणि कलम ३६ च्या सूचना यांतून येतं. "दुपारी ४ ते रात्री १०, अमुक मार्ग" अशी परवानगी मिळाली याचा अर्थ पट्टा फिरवायला मिळाला असा होत नाही. बहुतेक परवानगी पत्रांच्या अटींत "कोणतेही घातक शस्त्र बाळगू नये" हे वाक्य छापलेलंच असतं. सही करून पत्र घेतलं की ती अट तुम्ही मान्य केली.

म्हणून अर्ज करतानाच दुसरा परिच्छेद लिहा : प्रात्यक्षिकासाठी अमुक वस्तू, इतके नग, इतकी लांबी, धार आहे की नाही, चालता चालता वापरणार की ठरलेल्या चौकात थांबून. प्रत्येक वस्तूला रंगाने क्रमांक टाका आणि तीच यादी अर्जाला जोडा. दोन जबाबदार माणसांची नावं, मोबाईल. सामान बंद टेंपोतून येईल, प्रात्यक्षिकाच्या जागीच उघडेल, मोजून परत जाईल. मार्ग दोन ठाण्यांच्या हद्दीतून जात असेल तर प्रत दोन्हीकडे, तिसरी आयुक्तालयाच्या विशेष शाखेला, आणि तिन्हींवर पोच. तोंडी "करा, पाहून घेऊ" याला कोर्टात किंमत शून्य. तो साहेब बंदोबस्ताच्या दिवशी रजेवर असतो, हे नागपुरात कोणाला सांगायला नको!

थांबून प्रात्यक्षिक मागितलं तर मिळण्याची शक्यता जास्त, असं माझं मत. चालत्या गर्दीत पाच फुटी लाठी फिरवली की हात धरून साडेसात-आठ फूट त्रिज्येचा घेर होतो, महालातल्या गल्लीत तेवढी जागा कुठे आहे? चौकात दोरी बांधून पंधरा फूट त्रिज्येचं रिंगण ठेवा. दांडपट्ट्याचं पातं लवचिक असतं, मुठीच्या खोबळ्यापाशी रिव्हेट ढिले झाले की पातं निसटून प्रेक्षकांत जातं. मग कलम ३७ बाजूला राहतं आणि निष्काळजीपणाने दुखापत केल्याचा गुन्हा लागतो. रिव्हेट आदल्या दिवशी तपासा.

---

लाठीकाठी_महाल

धन्यवाद भाऊ. पण मग आर्म्स ॲक्ट (शस्त्र अधिनियम) कलम ४/२५ कुठे येतो? पेपरात कायम तेच वाचतो. आणि लाठी त्यात आहे की नाही, यावर आमच्याकडे दोन गट पडले.

---

दिवाणी_फौजदारी

दोन्ही गट अर्धे बरोबर.

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २ मधल्या व्याख्येतून केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू वगळल्या आहेत, आणि उदाहरण म्हणून तिथे लाठी आणि साधी हातकाठीच दिली आहे. खेळण्यापलीकडे उपयोग नसलेली आणि चालत्या हत्यारात बदलता न येणारी वस्तूही वगळली आहे. म्हणजे नुसत्या लाठीवर ४/२५ बसत नाही. पण ३७(१) च्या आदेशात लाठी आहे. पथसंचलनातला दंड, आखाड्याची लाठी, मोर्चातली काठी या सगळ्यांना हेच गणित. कोणाची मिरवणूक आहे यावर कायद्याचा शब्द बदलत नाही. आदेशात कोणाला सूट दिली आहे, कोणाला परवानगी आहे, त्यावर फरक पडतो. (राजकारण इथे नको, त्याचे धागे वेगळे आहेत.)

तलवार आणि पट्ट्याचं तसं नाही. शस्त्र नियम, २०१६ च्या पहिल्या अनुसूचीतल्या पाचव्या वर्गात तलवार, गुप्ती, खंजीर, संगीन, भाला, परशू, सुरे, आणि ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची अशीच हत्यारं येतात. घरगुती, शेती, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली वगळून. पट्ट्याचं पातं कितीतरी लांब, त्यामुळे तिथे शंका नाही. कलम ४ खाली केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या क्षेत्रात अशी हत्यारं परवान्याशिवाय बाळगणं हा गुन्हा. शिक्षा कलम २५(१-ब)(ब) मध्ये : किमान एक वर्ष, कमाल तीन, आणि दंड. विशेष कारण नोंदवून कोर्ट एक वर्षाच्या खाली येऊ शकतं. तलवारीने केक कापून रील टाकणारे हिरो याच कलमात अडकतात, जोडीला १३५ असतंच.

बोथट तलवार : "धार नाही" हा बचाव वाटतो तेवढा मजबूत नाही. लोखंडी किंवा पोलादी पातं सहाणेवर लावलं की धार येते, मग ती "बदलता न येणारी" कशी? ॲल्युमिनियमचं पातळ पत्र्याचं पातं किंवा लाकडी तलवार असेल तर शस्त्र अधिनियमातून सुटण्यासारखी बाजू आहे. घोड्यावरच्या मुलाला लाकडीच द्या. तो अल्पवयीन असेल तर त्याच्या हातात खरी तलवार देणाऱ्या मोठ्या माणसाची मान आधी अडकते.

---

पंचनामा_पाहिजे

४/२५ च्या खटल्यात पुढे काय होतं तेही लिहून ठेवतो. बचाव पक्षाला उपयोगी आणि तपास अंमलदारालाही.

सरकारी पक्ष पडतो तो बहुतेक तीन जागी. कलम ४ ची अधिसूचना कोर्टापुढे आणलीच जात नाही. नुसतं "विनापरवाना तलवार" म्हणून भागत नाही, त्या क्षेत्राला कलम ४ लागू आहे हे दाखवावं लागतं. दुसरं, जप्ती पंचनाम्यात "एक लोखंडी तलवार" एवढंच. पात्याची लांबी वेगळी, मुठीसह वेगळी, रुंदी कुठे मोजली, धार एका बाजूला की दोन्ही, टोक आहे का, यातलं काही नाही. तिसरं, जागेवर सील केलं नाही, किंवा पंच प्रत्येक खटल्यात तेच ते दोघे. १३५ साठी आदेशाची प्रत हवी आणि तो जाहीर झाल्याचा पुरावा हवा : फलकावर लावला, वर्तमानपत्रात दिला, ध्वनिक्षेपकावरून सांगितला, काहीतरी.

एक गैरसमज : "जिल्हादंडाधिकाऱ्याची मंजुरी नाही म्हणून ४/२५ उडेल." नाही. कलम ३९ ची पूर्वमंजुरी कलम ३ च्या, म्हणजे बंदुक-पिस्तुलाच्या गुन्ह्यांना लागते. तलवारीला नाही.

आणि हत्यार परत मिळेल ही आशा ठेवू नका. ३७(२) खाली पोलीस जागेवर काढून घेतात आणि ते सरकारजमा होतं. आजोबांच्या काळचा पट्टा मिरवणुकीत नेऊ नका, एवढंच म्हणेन.

---

उत्तर_नागपूर

नगरकीर्तनातल्या (शिखांच्या धार्मिक मिरवणुकीतल्या) गतक्याबद्दल, म्हणजे त्यांच्या शस्त्रकलेबद्दल कोणीच लिहिलं नाही. कृपाणाला घटनेचंच संरक्षण आहे ना?

---

दिवाणी_फौजदारी

आहे. घटनेच्या अनुच्छेद २५ चं पहिलं स्पष्टीकरण : कृपाण धारण करणं आणि जवळ बाळगणं हा शीख धर्माच्या आचरणाचा भाग मानला जाईल. ते अंगावरच्या कृपाणाला आहे. गतक्याच्या पथकाने टेंपोत आणलेल्या डझनभर तलवारी, ढाली, भाले आपोआप त्याच छत्राखाली जातात असं समजू नका. त्यांची यादी आणि लेखी परवानगी आखाड्यासारखीच घ्यावी.

याच मुद्द्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सगळ्यांनी वाचण्यासारखा आहे : आनंदमार्गींचं तांडव नृत्य प्रकरण, आचार्य जगदीश्वरानंद अवधूत विरुद्ध पोलीस आयुक्त, कलकत्ता, १९८३. मिरवणुकीत सुरा, त्रिशूळ, कवटी घेऊन तांडव करणं हा त्या पंथाच्या धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, म्हणून बंदी टिकली. पण त्याच निकालात कोर्टाने हेही म्हटलं की फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १४४ चे मनाई आदेश एकामागून एक काढून त्यांना जवळजवळ कायमचं करणं त्या कलमात बसत नाही. लोक पहिला अर्धा सांगतात, दुसरा गाळतात.

दुसरा निकाल आपल्याच पोलीस कायद्यावरचा : हिंमतलाल शाह विरुद्ध पोलीस आयुक्त, अहमदाबाद. तिथे मुद्दा सभांचा होता. घटनापीठाने सांगितलं की रस्त्यावरच्या सभांचं नियमन करता येतं, पण कोणतेही निकष न देता परवानगी अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडणारा नियम टिकत नाही. तुमचा अर्ज एका ओळीत नाकारला तर लेखी कारण मागा आणि मग नागपूर खंडपीठात जा. मिरवणुकीच्या आदल्या संध्याकाळी याचिका घेऊन पळू नका, कोर्ट आधी "अर्ज कधी केला?" हेच विचारतं.

---

संहिता_नवी

१४४ चं आता १६३ झालं आहे, त्यावर दोन ओळी. नागरिक सुरक्षा संहितेचं १६३ : आदेश लेखी, दोन महिन्यांपर्यंत, राज्य सरकार पुढे सहा महिन्यांपर्यंत वाढवू शकतं. मोडला तर न्याय संहिता २२३. साधारणपणे सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जीविताला धोका किंवा दंगलीची शक्यता झाली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण २२३ ची दखल कोर्ट फक्त त्या लोकसेवकाच्या, त्याच्या वरिष्ठाच्या किंवा त्याने अधिकार दिलेल्या लोकसेवकाच्या लेखी तक्रारीवरच घेऊ शकतं (नागरिक सुरक्षा संहिता कलम २१५, जुनं १९५). नुसत्या दोषारोपपत्रावर नाही. १३५ ला ही अडचण नाही, म्हणून ठाण्याला १३५ सोयीचं.

सरावाबद्दल. पंधरा दिवसांचा सराव "सामूहिक कवायत" म्हणून आपोआप गुन्हा नाही. कवायतीचं जिवंत कलम म्हणजे न्याय संहिता १९६(१)(क), जुनं १५३-ए चा तिसरा खंड. त्यात हेतू किंवा तशी जाणीव लागते : सहभागींनी एखाद्या धर्म, वंश, भाषा, प्रदेश, जात किंवा समूहाविरुद्ध बळ किंवा हिंसा वापरावी किंवा तिचं प्रशिक्षण घ्यावं म्हणून भरवलेली कवायत, आणि त्याने त्या समूहात भीती किंवा असुरक्षितता निर्माण होणं किंवा होण्याचा संभव. तीन वर्षांपर्यंत कैद, पूजास्थानी किंवा धार्मिक विधीच्या जमावात पाचपर्यंत. दखल घ्यायला केंद्र किंवा राज्य सरकारची मंजुरी लागते. मुलांना पट्ट्याचे हात शिकवणं यात येत नाही. त्याच मैदानावर माइकवरून "अमुक लोकांना दाखवून देऊ" असं भाषण झालं, तर तेच हात पुरावा होतात. प्रशिक्षकाच्या हातात माइक देऊ नका.

मैदान सार्वजनिक आहे, म्हणून ३७(१) सरावालाही लागू. सरावाच्या तारखा आणि वेळ अर्जात घाला.

आणि ती बारा बोअर घरीच राहू द्या. २०१९ च्या दुरुस्तीने शस्त्र अधिनियमात कलम २५(९) आलं : सार्वजनिक मेळावा, धार्मिक स्थळ, लग्न किंवा इतर समारंभात आनंदाचा गोळीबार करून कोणाचा जीव किंवा सुरक्षितता धोक्यात आणली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. परवाना असल्याने सुटका होत नाही, उलट परवानाही जाऊ शकतो. वर गेलेले छर्रे खालीच येतात.

---

पंचनामा_पाहिजे

एक राहिलं. मिरवणुकीत दगडफेक झाली, हाणामारी झाली, तर पाच किंवा जास्त लोकांचा बेकायदेशीर जमाव ठरू शकतो. मग हातात घातक हत्यार असणाऱ्याला न्याय संहितेचं १८९(४), दोन वर्षांपर्यंत, आणि दंगल झाली तर १९१(३), पाच वर्षांपर्यंत. जुन्या १४८ मध्ये हे तीन होतं. यात परवानगीचं पत्र फारसं कामाला येत नाही. म्हणून गडबडीची चाहूल लागताच सगळ्यात आधी सामान मोजून टेंपोत आणि टेंपो मार्गाबाहेर. वाद मिटवायला लाठ्या घेऊन पुढे जाऊ नये.

आधी ठाण्याकडून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ ची नोटीस (जुनी १४९) येईल, त्याने घाबरायचं कारण नाही. तो गुन्हा नाही, ताकीद आहे. घ्या, तारीख-वेळ टाकून सही करा, प्रत ठेवा. न घेणाऱ्याचं नाव मात्र डायरीत वेगळ्या अक्षरात जातं.

---

लाठीकाठी_महाल

पुरेसं झालं. तलवारी लाकडी करतो, बारा बोअर रद्द, प्रात्यक्षिक दोनच चौकांत. शेवटचं : आमची काटोलची शाखा तिकडे वेगळी मिरवणूक काढते, पट्टे इथूनच नेतात. आमची परवानगी तिकडे चालेल का? आणि कामठीची?

---

पंचनामा_पाहिजे

काटोलला नाही. ते नागपूर ग्रामीण, ३७(१) चा आदेश जिल्हादंडाधिकाऱ्यांचा, अर्ज काटोल ठाण्याला. कामठी तालुका वेगळा असला तरी कामठीची ठाणी शहर आयुक्तालयात येतात, तिथे आयुक्तांचाच आदेश, पण परवानगी त्या मिरवणुकीची वेगळी. नेताना पट्टे बंद पेटीत, पेटीला कुलूप, सोबत दोन्हीकडच्या परवानग्यांच्या प्रती आणि क्रमांकांची यादी. मोटरसायकलवर पाठीला बांधून नेऊ नका, वाटेतल्या पहिल्याच नाक्यावर उतरवून घेतील.